अभिप्राय ज्या वर्गाने दिला, त्याच वर्गात तो परत जाऊ द्या
महाविद्यालयांच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षांच्या समन्वयकांना खुलं पत्र

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षांचे समन्वयक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी जवळजवळ सगळेच माझ्यासारखे वर्गावर जाणारे शिक्षक आहेत. कक्षाचं काम आलं म्हणून कुणाचे तास कमी होत नाहीत, आणि वार्षिक गुणवत्ता अहवालाची मुदत जवळ आली की घरी जायची वेळ आपल्या हातात राहत नाही. मी तालुक्याच्या गावी संख्याशास्त्र शिकवते. विषय आकड्यांचा, म्हणून विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे तक्ते आणि आलेख करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे येत आलं आहे. ते करता करता जे दिसलं, ते आपल्यापुढे मांडते.

माझी मागणी एकच आहे. शिकवण्याबद्दलचा अभिप्राय सत्र संपत आल्यावर घेऊ नका. सहाव्या-सातव्या आठवड्यात घ्या, आणि ज्या मुलांनी तो दिला त्यांच्याच वर्गात, त्याच सत्रात, शिक्षकाला त्यावर बोलू द्या.

आज बहुतेक ठिकाणी काय होतं ते आपण सगळे जाणतो. परीक्षेचे फॉर्म भरून झालेले असतात, मुलं हॉल तिकिटाच्या मागे असतात, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक येते. भरणारे कमी पडले की सीआरला, म्हणजे वर्गाच्या प्रतिनिधीला, फोन जातो. मग एका दुपारी पन्नास फॉर्म येतात, त्यांतले कित्येक मिनिटाभरात भरलेले. त्यांचे रंगीत वर्तुळालेख होतात. खाली कृती अहवालात एक ओळ येते, ‘संबंधित प्राध्यापकांना आवश्यक त्या सूचना देण्यात आल्या.’ पीडीएफ संकेतस्थळावर चढते आणि काम पूर्ण होतं.

या सगळ्याचं मूळ कुठे आहे तेही उघड आहे. नॅक ही महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था. तिच्या सात निकषांपैकी पहिल्या निकषात अभिप्रायाची स्वतंत्र जागा आहे. अभिप्राय घेतला का, त्याचं विश्लेषण केलं का, कृती केली का, संकेतस्थळावर टाकला का, अशा पायऱ्यांवर तिथे गुण मिळतात. पायरी चढल्याचा कागद दाखवला की गुण मिळाले. त्या कागदामुळे एखाद्या मुलाला एखादं प्रकरण जास्त चांगलं समजलं का, हे विचारायची सोय त्या पायऱ्यांत नाही. दुसऱ्या निकषात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आहे. त्यात वीस प्रश्नांना पर्याय दिलेले असतात. पहिला प्रश्न अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला हा. एकविसावा प्रश्न मोकळा: अध्यापन-अध्ययन सुधारण्यासाठी तीन सूचना लिहा. माझ्या मते सगळ्या सर्वेक्षणात हाच प्रश्न मोलाचा आहे. पण त्याची उत्तरं आलेखात बसत नाहीत, म्हणून ती शेवटच्या रकान्यात तशीच पडून राहतात. मी ती वाचते. ‘नाइस’, ‘गुड टीचिंग’, ‘ओके’ यांच्या गर्दीत मध्येच एखादं वाक्य सापडतं: ‘मॅडम, टी-टेस्ट आणि झेड-टेस्ट कधी कुठली वापरायची ते शेवटपर्यंत कळलं नाही.’ या दोन संख्याशास्त्रातल्या चाचण्या. हे वाक्य मी वाचते तोवर त्या मुलीचा पेपर होऊन गेलेला असतो. पुढच्या वर्षीच्या मुलांना मी ते नीट सांगेन. पण जिने ते लिहिलं, तिचं काय?

हा अभिप्राय इतका जपून हाताळायला हवा असं मी म्हणते, त्याला आणखी एक कारण आहे. आपल्या पदोन्नतीच्या कागदांत शिकवण्याचं मूल्यमापन कसं होतं ते आठवून पाहा. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या विनियमांनुसार नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा त्याहून जास्त घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० टक्के घेतले तर ‘समाधानकारक’. म्हणजे तास झाला की नाही हे मोजलं जातं. तासाला मुलांच्या डोक्यात काय गेलं, हे तिथे कुणी विचारत नाही. वर्गात काय घडतं ते वर्गात बसणाऱ्याच्या तोंडून अधिकृतपणे ऐकण्याची जागा उरते ती हा फॉर्म. ती आपण अशी वाया घालवू नये.

आता सरासरीबद्दल. हा माझा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. चाळीस मुलांच्या वर्गात वीस जणांनी पाच दिले आणि वीस जणांनी एक दिला, तर सरासरी तीन येते. चाळीसच्या चाळीस मुलांनी तीन दिले तरी सरासरी तीनच. आपल्या अहवालात हे दोन वर्ग सारखेच दिसतात. प्रत्यक्षात पहिल्या वर्गात अर्ध्या मुलांना सगळं समजतंय आणि अर्धी मुलं बुडताहेत. आपल्याकडच्या बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचं चित्र अनेकदा असंच असतं. इंग्रजी माध्यमातून किंवा शहरातल्या कनिष्ठ महाविद्यालयातून आलेली मुलं एका बाजूला, आणि ज्यांनी दहावीपर्यंत ‘संभाव्यता’ वाचली, ज्यांना ‘प्रॉबॅबिलिटी’ हा शब्द अकरावीतच पहिल्यांदा भेटला, ती मुलं दुसऱ्या बाजूला. सरासरी काढली की दुसरी बाजू दिसेनाशी होते. म्हणून सरासरी छापू नका. किती मुलांनी एक दिला, किती जणांनी दोन, तीन, चार, पाच, एवढा साधा स्तंभालेख छापा. दोन टेकड्या दिसल्या की शिक्षकाला कळतं की वर्गात दोन वर्ग आहेत.

दुसरं, ४.२ मिळालेल्या शिक्षकाला खाली आणि ४.३ मिळालेल्याला वर बसवणारी यादी काही महाविद्यालयांत निघते, आणि ती स्टाफ रूमच्या फलकावर लागल्याचंही मी पाहिलं आहे. एमएस्सीच्या बारा जणांच्या वर्गात एका मुलाने पाचच्या जागी एक दिला, तर सरासरी ०.३३ ने खाली येते. एका मुलाच्या एका दिवसाच्या रागाने ती यादी उलटीपालटी होईल. अशा यादीला संख्याशास्त्रात कसलाही आधार नाही. ती थांबवा, एवढी कळकळीची विनंती आहे.

जगात यावर पुष्कळ काम झालं आहे आणि ते आपण वाचलेलं असावं. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना तुकड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या नेमून दिल्या जातात आणि परीक्षा सगळ्यांची एकच असते. त्यामुळे तिथली आकडेवारी अभ्यासाला फार चांगली. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये तिच्यावरून दाखवलं की ज्या प्राध्यापकांना मुलांनी जास्त गुण दिले, त्यांची मुलं त्या विषयात त्या वेळी पुढे होती, पण त्यावर आधारलेल्या पुढच्या विषयांत मागे पडली. २०१७ मध्ये बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले आणि निष्कर्ष काढला की मुलांनी दिलेलं मानांकन आणि मुलांचं शिकणं यांचा संबंध लागत नाही. हार्वर्डमध्ये २०१९ च्या एका अभ्यासात भौतिकशास्त्राच्या ज्या मुलांकडून वर्गात गटागटाने उदाहरणं सोडवून घेतली, ती मुलं चाचणीत पुढे होती. पण ‘आपण किती शिकलो’ असं विचारल्यावर त्यांनी नुसतं व्याख्यान ऐकलेल्यांपेक्षा कमी सांगितलं. डोकं चालवावं लागतं तेव्हा आपल्याला येत नाही असं वाटतं. नवीन शैक्षणिक धोरणाच्या बैठकांत आपण शिक्षकांना कृतियुक्त अध्यापन करा असं सांगतो आणि सत्राच्या शेवटी याच फॉर्मवर त्यांना तोलतो. जो खरंच तसं करेल, त्याचाच आकडा खाली येण्याची शक्यता जास्त.

आणि पूर्वग्रहही आहेत. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमात एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन शिक्षकांनी काही गट स्वतःच्या नावाने आणि काही गट एकमेकांच्या नावाने शिकवले. पुरुषाचं नाव लावलं तेव्हा मुलांनी जास्त गुण दिले. २०१५ चा हा अभ्यास लहान समूहावरचा आहे, तेवढ्यावर सगळं ठरवू नये. पण कॅनडात २०१८ मध्ये टोरंटोच्या रायर्सन विद्यापीठातल्या वादात लवाद विल्यम कॅप्लन यांनी अशा सगळ्या पुराव्यांची छाननी करून निर्णय दिला की विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणावरून पदोन्नतीसाठी शिकवण्याची परिणामकारकता मोजता येणार नाही. विद्यार्थ्यांचा अनुभव समजून घेण्यासाठी मात्र ते उपयोगी आहे, असंही त्यांनी म्हटलं.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मुलांना काय माहीत असतं आणि काय नसतं, याचा विचार करून प्रश्न विचारायला हवेत. शिक्षक वेळेवर येतात का, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचतो का, फळ्यावरचं उतरवून घ्यायला वेळ मिळतो का, शंका विचारली तर हसतात का, कुठल्या युनिटमध्ये गाडी अडली, हे मुलांइतकं कुणालाच माहीत नाही. ‘शिक्षकाचे विषयज्ञान कसे आहे?’ हा प्रश्न मात्र एफवायच्या, पहिल्या वर्षाच्या, मुलाला का विचारायचा? तो विषय त्याला आत्ता कुठे भेटला आहे. तरीही तो प्रश्न बहुतेक फॉर्मवर पहिल्या पाचांत असतो.

फॉर्मच्या भाषेचंही तसंच. वर्गात आपण मराठी-इंग्रजी मिसळून शिकवतो, मुलं आपापसात मराठीत बोलतात, आणि अभिप्राय मागताना मात्र पूर्ण इंग्रजी प्रश्नावली पुढे ठेवतो. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाच्या घरी तर अनेकदा मराठीही दुसरी भाषा असते. त्याला ‘इन्स्टिट्यूशनल मेंटरिंग प्रोसेस’बद्दल मत विचारलं तर तो सरळ एकाच रकान्यात खालपर्यंत खुणा करत जाणार. ती त्याची बेफिकिरी नाही, प्रश्नच त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. फॉर्म मराठीत करा. मोकळं उत्तर ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत लिहू द्या. ‘गुड टीचिंग’ची संख्या त्या दिवसापासून कमी होईल.

भीतीबद्दल तर आपण उघड बोलतच नाही. अंतर्गत गुण शिक्षकाच्या हातात असतात, प्रॅक्टिकलचे असतात, आणि गुगल फॉर्म ई-मेल पत्ता नोंदवून घेतो. काही ठिकाणी रोल नंबरही मागतात, म्हणे भरलं कुणी नाही ते कळावं म्हणून. एटीकेटी लागू नये म्हणून धडपडणारा मुलगा अशा फॉर्मवर खरं लिहील अशी अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. ई-मेल नोंदवायची सोय बंद करा, नाव आणि रोल नंबर काढा. अभिप्राय चिठ्ठ्यांवर घेतला आणि वर्ग दहा-बारा जणांचा असेल तर हस्ताक्षरावरून ओळख पटते, तिथे कुठल्या तरी दुसऱ्या विभागाच्या सहकाऱ्याने चिठ्ठ्या वाचून सार टाइप करून द्यावं.

दुसरी भीती तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांची. राज्यातली किती तरी पदं रिकामी आहेत आणि तास त्यांच्या जिवावर चालतात. पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही हे ज्यांना जूनपर्यंत कळत नाही, त्यांच्यासाठी हा फॉर्म म्हणजे नोकरीचा प्रश्न होतो. मग ते मुलांना दुखवत नाहीत, इंटर्नलला सढळ हाताने गुण देतात, अवघड प्रकरण वरवर उरकतात. त्यांना मी दोष देणार नाही. फॉर्मचा वापर कशासाठी होणार हे जोवर लेखी ठरत नाही, तोवर कुणीही असंच वागेल. आणि आपल्या कक्षाकडे गेल्या काही वर्षांचे फॉर्म असतील, तर एकदा कायम आणि तासिका तत्त्वावरचे, स्त्रिया आणि पुरुष, असे गट करून आकडे मांडून पाहा. नावं बाहेर जाऊ देऊ नका, नुसते गट. आपल्याकडचा पूर्वग्रह कुठे आहे ते आपल्याच कागदांत सापडेल.

मग करायचं काय? यासाठी नवीन सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. फ्रेडरिक मोस्टेलर हे हार्वर्डमध्ये संख्याशास्त्र शिकवायचे, तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख. ते व्याख्यानाच्या शेवटी मुलांकडून तीन गोष्टी लिहून घ्यायचे: आजचा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा कुठला, सगळ्यांत गढूळ राहिलेला मुद्दा कुठला, आणि कशाबद्दल अजून ऐकायला आवडेल. पुढच्या तासाला त्यावर बोलायचे. १९८९ मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलं. कागदाच्या चतकोर तुकड्यावर होणारं काम आहे. मी ते टी-टेस्टच्या युनिटनंतर करते. साठांपैकी वीस-पंचवीस चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट आली की दुसऱ्या दिवशीचा तास त्यालाच द्यायचा, हे ठरवायला मला आलेख लागत नाही.

सत्राच्या मध्यावर याचंच थोडं मोठं रूप करता येईल. तीन प्रश्न: या विषयात शिकायला कशाची मदत होते, कशाची अडचण होते, आणि उरलेल्या आठवड्यांत काय बदलावं. शिक्षक बाहेर, दुसऱ्या विभागाचा एक सहकारी आत. मुलं चार-पाचच्या गटात बोलतात, लिहितात, मग सगळा वर्ग मिळून कुठल्या गोष्टींवर बहुतेकांचं एकमत आहे ते ठरवतो. पाऊण तास पुरतो. सहकारी नंतर शिक्षकाबरोबर बसून ते सांगतो. हे बसून बोलणं गाळू नका. पीटर कोहेन यांनी १९८० मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला होता. सत्राच्या मध्यावर शिक्षकाला नुसते आकडे दिले तर थोडी सुधारणा होते, आकड्यांबरोबर कुणी जाणत्याने बसून चर्चा केली तर ती बरीच जास्त होते, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे मात्र शिक्षकाच्या हातात बंद पाकीट पडतं. चांगलं असेल तर तो ते फाइलला लावतो, वाईट असेल तर मनाला लावून घेतो.

आणि मग वर्गात परत जाणं. शिक्षकाने दहा मिनिटं मुलांशी बोलावं. हे तुम्ही म्हणालात. यातलं हे मी उद्यापासून बदलते. हे बदलणार नाही, कारण असं असं. आणि हे माझ्या हातात नाही, ते मी वर कळवते. तिसऱ्या प्रकारच्या गोष्टी पुष्कळ निघतात, आणि तिथेच आपल्या कक्षाचं खरं काम सुरू होतं. माझ्या वर्गातल्या मुलींनी लिहिलं होतं की सकाळच्या पहिल्या तासाला त्या कधीच वेळेवर पोचू शकत नाहीत, कारण एसटी गावात येतेच उशिरा, आणि नेमका त्याच तासाला नवा भाग शिकवला जातो. याचं उत्तर वेळापत्रक करणाऱ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. पहिल्या सत्राचे प्रवेश लांबत जातात आणि पंधरा आठवड्यांचा अभ्यासक्रम दहा-अकरात कोंबला जातो, ‘मॅडम फार भरभर शिकवतात’ हे त्याचंच दुसरं नाव आहे. ते अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळापर्यंत गेलं पाहिजे. संगणक कक्षात तिघांत एक यंत्र, ग्रंथालयात मराठीतून संदर्भग्रंथ नाही, मुलींच्या खोलीला कडी नाही, हे महाविद्यालय विकास समितीपुढे गेलं पाहिजे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ती समिती प्रत्येक महाविद्यालयाला दिली आहे, आणि विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधीही तिच्यावर आहेत. अभिप्रायातलं जे शिक्षकाचं नाही ते शिक्षकाच्या सरासरीत मोजायचं थांबवून तिकडे पाठवा.

सगळ्या महाविद्यालयात एकदम करू नका. ज्यांना स्वतःहून करावंसं वाटतं अशा दोन-तीन विभागांत येत्या सत्रात करून पाहा. कुणावर सक्ती नको. सक्तीने केलं की पुन्हा त्याचा फॉर्म होतो.

नॅकला काय दाखवायचं, हे प्राचार्य विचारतील. प्रत्येक वर्गासाठी एक पान ठेवा: अभिप्राय घेतल्याची तारीख, मुलांनी एकमताने सांगितलेले मुद्दे, शिक्षकाने वर्गात दिलेलं उत्तर, आणि पुढे काय पाठवलं व कुणाकडे. ‘सूचना देण्यात आल्या’ या ओळीपेक्षा कृती अहवाल म्हणून हे पान कुठल्याही समितीपुढे जास्त टिकेल. त्यावर शिक्षकाची सही असेलच. वर्गाच्या प्रतिनिधीचीही घ्या, पण सत्र संपायच्या आत, आणि उत्तर खरंच मिळालं का हे त्याला विचारून.

आपली,
संख्याशास्त्र शिकवणारी एक सहकारी